कोयनेच्या खोऱ्यातली रेंज जिनिव्हात कशी ठरते?

कांदाटी खोऱ्यातल्या वाड्या, पाटणच्या डोंगरातली वरची गावं, शिराळ्यातला चांदोलीकडचा भाग. इथे मोबाइलला रेंज का नाही, असं विचारलं की "कंपनीला परवडत नाही" हे उत्तर ठरलेलं असतं. उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. कंपनीला काय परवडेल हे ज्या आकड्यांवर अवलंबून असतं, त्यांतले बरेच आकडे जिल्ह्याबाहेर आणि पुष्कळदा देशाबाहेर ठरतात. टॉवर कोणत्या लहरींवर चालवायचा, त्यावरची यंत्रं कोणत्या देशातून आणायची, त्यांवर सीमाशुल्क किती, फोनमागे रॉयल्टी किती, या प्रत्येक प्रश्नामागे एखादा करार, एखादं मानक किंवा दोन बड्या देशांतलं भांडण आहे. हे सगळं एकदम समजून घेणं अवघड जातं. म्हणून टॉवरच्या टोकापासून सुरुवात करून खाली उतरत जाऊ.

टोकावर: लहरी कोणाच्या?

टॉवरच्या टोकाला ज्या उभ्या, चपट्या पेट्या दिसतात ते अँटेना. ते कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतील याची चौकट आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ, म्हणजे आयटीयू, आखतो. १८६५ साली तारायंत्रासाठी स्थापन झालेली ही संस्था आज संयुक्त राष्ट्रांची विशेष संस्था आहे आणि तिचं मुख्यालय जिनिव्हात आहे. तिने जगाचे तीन विभाग पाडले आहेत. भारत तिसऱ्या विभागात येतो. कोणता पट्टा मोबाइलला, कोणता विमानांना आणि कोणता उपग्रहांना, हे दर तीन-चार वर्षांनी भरणाऱ्या जागतिक रेडिओ परिषदेत ठरतं. तिथले नियम सदस्य देशांवर बंधनकारक असतात.

आपल्या डोंगराळ भागासाठी सगळ्यात मोलाचा पट्टा ७०० मेगाहर्ट्झचा. ५जीचा शहरी पट्टा ३३०० मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. बाकी सगळं सारखं धरलं, तरी ७०० वरचा सिग्नल त्याच अंतरावर सुमारे साडेतेरा डेसिबल जास्त ताकदीने पोहोचतो, म्हणजे जवळपास बावीस पट. शिवाय तो डोंगराच्या कडेवरून जास्त वळतो आणि भिंतीतून जास्त शिरतो. बामणोलीच्या अलीकडचा एक टॉवर ७०० वर जेवढा मुलूख भागवेल, तेवढाच ३३०० वर भागवायला कितीतरी टॉवर लागतील.

अनेक देशांत या पट्ट्यावर आधी टीव्हीचं प्रक्षेपण होत असे. टीव्ही डिजिटल झाल्यावर जागा मोकळी झाली, तेव्हा अमेरिकेने ती आपल्या पद्धतीने छोट्या तुकड्यांत कापली. आशिया-प्रशांत देशांनी मात्र २०१० मध्ये एकत्र बसून एक सलग आराखडा ठरवला: फोन ७०३ ते ७४८ वर बोलणार, टॉवर ७५८ ते ८०३ वर. पुढे ब्राझील, मेक्सिकोसारख्या देशांनीही तोच उचलला. या एकमताचा फायदा थेट खिशाला होतो. एकच चिप डझनावारी देशांत खपली की ती स्वस्त होते. एखाद्या गरीब देशाने वेगळीच वाट धरली, तर त्याच्यासाठी फोन बनवायला कोणी तयार होत नाही.

जिनिव्हाने दार उघडलं, पण दिल्लीने किंमत फार लावली, हेही सांगायला हवं. २०१६ च्या लिलावात देशभराच्या ७०० मेगाहर्ट्झची राखीव किंमत दर मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी रुपये होती. एकही बोली आली नाही. २०२१ मध्ये ती ६,५६८ कोटींवर आणली, तरी कोणी फिरकलं नाही. २०२२ मध्ये ३,९२७ कोटी केल्यावर जिओने दहा मेगाहर्ट्झ घेतले. खेड्यांसाठीचा सर्वांत उपयोगी पट्टा सहा वर्षं नुसता पडून राहिला. याचा दोष कुठल्याही परदेशी करारावर ढकलता येणार नाही.

फोन घेताना यातून काय तपासायचं? तांत्रिक माहितीत ४जीच्या यादीत 'बँड २८' आणि ५जीच्या यादीत 'एन२८' आहे का ते पाहा. बीएसएनएलचं नवं ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालतं. जिओचं खेड्यातलं ५जी बऱ्याच अंशी ७०० वर अवलंबून आहे. बँड २८ नसलेला जुना किंवा परदेशातून आणलेला फोन शेजारच्या फोनला रेंज असतानाही कोरा राहतो, आणि खापर टॉवरवर फुटतं.

सहा किलोमीटरचा आग्रह

फोनवर रेंजच्या दोन काड्या दिसतात, तरी कॉल लागत नाही. हा अनुभव वाड्यावस्त्यांवर सर्रास येतो. टॉवरवरचा रेडिओ साधारण ४० वॉटच्या आसपास ताकद लावतो, तर हातातला फोन जास्तीत जास्त २०० मिलिवॉट. टॉवरचं बोलणं फोनला ऐकू येतं, पण फोनचा आवाज टॉवरपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे टॉवरचा पल्ला खरं तर फोनच्या ताकदीवर ठरतो.

५जीचे निकष ठरत होते तेव्हा ग्रामीण भागाची चाचणी दोन टॉवरमध्ये १,७३२ मीटर अंतर धरून करायची, असं मांडलं गेलं होतं. सुबत्ता असलेल्या देशांत ते चालून जातं. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या गावात एक टॉवर आणि आजूबाजूच्या वाड्या त्याच्याच भरवशावर, अशी परिस्थिती असते. म्हणून भारताने आयटीयूमध्ये ६ किलोमीटर अंतराची वेगळी चाचणी मागितली. लोक पायी किंवा संथ वाहनाने हिंडतात, पण सेलचा, म्हणजे एका टॉवरच्या क्षेत्राचा, घेर मोठा आहे, असं त्यामागचं चित्र होतं. २०१७ मध्ये ती मागणी मान्य झाली. त्यानंतर ५जी म्हणवून घेणाऱ्या प्रत्येक तंत्राला ही परीक्षा देणं भाग पडलं.

पुढचा टप्पा वादाचा ठरला. भारताच्या टीएसडीएसआय या मानक संस्थेने '५जीआय' नावाचं स्वतःचं मानक तयार केलं. त्यात फोनला दूरवर बोलता यावं म्हणून लहर घडवण्याची विशेष पद्धत होती. आयटीयूने त्याला मान्यताही दिली. पण फोन आणि रेडिओ बनवणारे सगळे कारखाने थ्रीजीपीपी या जागतिक मंचाच्या मानकावर चालतात. भारतासाठी वेगळे भाग बनवले तर किंमत वाढेल, असं म्हणत कंपन्यांनी विरोध केला. २०२१ च्या अखेरीस तोडगा निघाला आणि ५जीआयमधला उपयोगी भाग थ्रीजीपीपीच्या सतराव्या आवृत्तीत मिसळला गेला. आमच्या मते हाच मार्ग योग्य होता. वेगळी चूल मांडली असती तर अभिमान राहिला असता आणि फोन महागला असता. मंचावर बसून आपली गरज जगाच्या मानकात घुसवल्यामुळे, भारतासारखीच विखुरलेली गावं असलेल्या आफ्रिकी देशांनाही तिचा लाभ मिळू शकतो.

डबा कोणत्या देशाचा?

अँटेनाच्या मागे किंवा खाली रेडिओचा डबा असतो आणि टॉवरच्या पायथ्याशी कपाटात प्रक्रिया करणारा बेसबँड. जगात ही यंत्रं मोठ्या प्रमाणावर बनवणारे मोजकेच: चीनचे ह्युआवे आणि झेडटीई, स्वीडनची एरिक्सन, फिनलंडची नोकिया, कोरियाची सॅमसंग.

मे २०१९ मध्ये अमेरिकेने ह्युआवेला निर्बंधांच्या यादीत टाकलं आणि ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकी तंत्रज्ञान वापरून बनलेल्या चिपही तिला मिळू नयेत अशी तजवीज केली. हे भांडण दोन महासत्तांचं, पण त्याची झळ विकसनशील देशांना जास्त बसते. आफ्रिकेतल्या अनेक देशांचं जाळं चिनी यंत्रांवर आणि चिनी बँकांच्या कर्जावर उभं आहे. ते उपटून दुसरं बसवायचं, तर पैसा कुठून आणायचा? अमेरिकेने आपल्याच ग्रामीण कंपन्यांना चिनी यंत्रं बदलायला २०२० मध्ये १.९ अब्ज डॉलर दिले. ते पुरले नाहीत, म्हणून २०२४ च्या डिसेंबरात आणखी सुमारे तीन अब्जांची सोय करावी लागली. श्रीमंत देशाची ही गत, तर इतरांचं काय होत असेल?

भारताने मधला रस्ता धरला. १५ जून २०२१ पासून दूरसंचार कंपन्यांना नवी यंत्रं फक्त 'विश्वासार्ह स्रोता'कडूनच घेता येतात. कंपनीने सरकारी पोर्टलवर यंत्राची आणि त्यातल्या महत्त्वाच्या सुट्या भागांची माहिती भरायची, मंजुरी आली की खरेदी करायची. आधी बसवलेली यंत्रं काढायची सक्ती नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हे पाऊल आवश्यक होतं असं आम्हाला वाटतं. पण पुरवठादार कमी झाले की भाव करण्याची ताकदही कमी होते, हे मान्य करायला हवं.

ग्रामीण सातारा-सांगलीला याची सर्वांत मोठी किंमत बीएसएनएलच्या उशिरात मोजावी लागली. गलवानच्या संघर्षानंतर, जुलै २०२० मध्ये ४जीची निविदा रद्द झाली आणि स्वदेशी यंत्रंच वापरायची असं ठरलं. टीसीएस आणि तेजस या कंपन्या व सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था यांनी मिळून ती घडवली, तपासली, पुन्हा दुरुस्त केली. देशव्यापी उद्घाटन झालं २७ सप्टेंबर २०२५ ला. तोवर खासगी कंपन्यांच्या ५जीला तीन वर्षं होत आली होती. जिथे खासगी कंपनी जातच नाही अशा २४,६८० गावांसाठी केंद्राने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली होती. तीही याच स्वदेशी यंत्रांवर अवलंबून असल्याने त्या गावांची वाट पाहणं लांबलं. रेडिओपासून मुख्य जाळ्यापर्यंत सगळं स्वतः बनवणाऱ्या मोजक्या देशांत आज भारत आहे. ही कमाई मोठी आहे, आणि तिचा हप्ता दुर्गम वाड्यांनी भरला आहे.

शुल्क आणि रॉयल्टी

डिसेंबर १९९६ मध्ये सिंगापूरला जागतिक व्यापार संघटनेच्या छत्राखाली माहिती तंत्रज्ञान करार झाला. ठरलेल्या वस्तूंवर शून्य सीमाशुल्क, अशी त्याची अट. भारत १९९७ मध्ये त्यात सामील झाला. तेव्हा आपल्याकडे मोबाइल चैनीची वस्तू होती आणि तो बनवणारा उद्योग जवळजवळ नव्हता. आयात स्वस्त झाली, जाळं झपाट्याने वाढलं, पण कारखाने उभे राहिले नाहीत.

२०१७ पासून भारताने फोनवर शुल्क लावायला सुरुवात केली: आधी १० टक्के, मग १५, मग २०. २०१८ मध्ये बेस स्टेशनवरचं, म्हणजे टॉवरच्या यंत्रांवरचं, शुल्कही २० टक्क्यांवर गेलं. युरोपीय संघ, जपान आणि तैवान यांनी तक्रार केली. एप्रिल २०२३ मध्ये व्यापार संघटनेच्या तंटा मंडळाने भारताने करार मोडल्याचा निष्कर्ष काढला. भारताचं म्हणणं असं की १९९६ च्या यादीत आजचे स्मार्टफोन नव्हतेच. पुढे अपील झालं, पण अपील ऐकणाऱ्या मंडळावर डिसेंबर २०१९ पासून पुरेसे सदस्यच नाहीत, कारण अमेरिका नेमणुका अडवून धरते. प्रकरण लोंबकळत पडलं. दरम्यान देशात जुळणीचे कारखाने उभे राहिले आणि २०२४ च्या अर्थसंकल्पात फोनवरचं शुल्क पुन्हा १५ टक्क्यांवर आलं. शुल्काने कारखाने आले हे खरं. पण कारखाने उभे राहीपर्यंत रेडिओवरचे २० टक्के शेवटी ग्राहकाच्याच बिलातून गेले.

फोनच्या किमतीतला दुसरा, न दिसणारा भाग पेटंटचा. ४जी-५जीचं मानक पाळायचं तर हजारो पेटंट वापरावीच लागतात, त्यांना वळसा घालता येत नाही. ती वाजवी आणि भेदभाव न करता द्यावीत असा नियम आहे, पण वाजवी म्हणजे किती, यावरच खटले चालतात. एरिक्सनने ५जी फोनमागे ५ डॉलर, स्वस्त फोनसाठी अडीच डॉलरपर्यंत, असा दर जाहीर केला होता. नोकियाने कमाल ३ युरो. दहा हजारांच्या फोनवर एकट्या एरिक्सनचे दोनशेहून अधिक रुपये झाले, आणि अशा कंपन्या अनेक आहेत. मार्च २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लावा या भारतीय कंपनीला एरिक्सनला २४४ कोटी रुपये द्यायला सांगितलं. मानक ठरतं तिथे ज्याचं संशोधन असतं, तो पुढची वीस वर्षं वसुली करतो. विकसनशील देशांनी मानक संस्थांत अभियंते पाठवणं ही चैन नाही, असं आम्ही म्हणतो ते याच हिशोबामुळे.

टॉवर ते टॉवर, आणि पाऊस

टॉवरपर्यंत इंटरनेट फायबरने किंवा मायक्रोवेव्हच्या गोल तबकडीने येतं. डोंगरात फायबर नेणं महाग, शिवाय व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत खोदाईला वनविभागाची परवानगी लागते. मग तबकडीच उरते. नव्या ई-बँडवर, म्हणजे ८० गिगाहर्ट्झच्या आसपास, प्रचंड वेग मिळतो आणि परदेशी माहितीपत्रकांत तिचा पल्ला काही किलोमीटर दिलेला असतो. तो आकडा महाबळेश्वरला लागू पडत नाही. आयटीयूच्याच सूत्राने हिशोब केला, तर ताशी २२ मिलिमीटर पावसात दर किलोमीटरला सुमारे १० डेसिबल घट होते. ताशी ९५ मिलिमीटरच्या सरीत हीच घट ३० डेसिबलपर्यंत जाते. म्हणजे एका किलोमीटरमागे हजारातला एक भाग उरतो. १५ गिगाहर्ट्झवर त्याच सरीत घट साधारण साडेसात डेसिबल. म्हणून पश्चिम घाटात लांबच्या टप्प्याला जुनी, कमी फ्रिक्वेन्सीची तबकडी आणि कमी वेग हेच पदरी पडतं. जुलैत टॉवर उभा असूनही नेट रांगतं, त्यामागे हेही एक कारण आहे.

विटा-जतचा केबलवाला आणि आयटीयू

जागतिक मानकाचा सगळ्यात सुखद परिणाम पाहायचा तर तालुक्याच्या गावातल्या फायबर नेटवाल्याकडे पाहावं. घरात भिंतीला लावलेला त्याचा डबा आयटीयूच्या जी.९८४ मानकावर, म्हणजे जीपॉनवर चालतो. एका फायबरवर खाली अडीच आणि वर सव्वा गिगाबिट, आणि ती ६४ घरांत वाटता येते. मानक खुलं असल्याने यंत्रं स्वस्त झाली आणि लहान व्यावसायिकाला बड्या कंपनीपुढे उभं राहता आलं.

गणित मात्र काटेकोर आहे. नेहमीच्या प्रकारात एकूण २८ डेसिबलची घट सोसते. सिग्नल ६४ घरांत वाटणाऱ्या स्प्लिटरमध्ये सुमारे साडेवीस जातात, दहा किलोमीटर फायबरमध्ये साडेतीन, जोड आणि कनेक्टरांत दोन-तीन. झाले सव्वीस-सत्तावीस. मग एक धुळकट कनेक्टर किंवा खांबाला करकचून बांधलेली वायर पुरेशी होते आणि डब्यावर लाल दिवा लागतो. लांबच्या वस्तीला ३२ चाच स्प्लिटर वापरावा, त्यात तीन-साडेतीन डेसिबल वाचतात. डबे घेताना टीईसी या सरकारी दूरसंचार तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र असलेलेच घ्यावेत. सक्तीच्या तपासणीमुळे त्यांची किंमत थोडी वाढते, पण बिनप्रमाणपत्राच्या मालाला नंतर कोणी वाली नसतो.

इथून पुढचा प्रवास पुणे-बंगळुरू महामार्गाच्या कडेने मुंबईकडे, आणि वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून समुद्राखाली. २०२४ च्या सुरुवातीला आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात केबल तुटल्या, तेव्हा युरोपशी जोडलेली कामं मंदावली. समुद्रातल्या दुरुस्तीला त्या देशांची परवानगी लागते, आणि युद्धाच्या छायेत ती मिळायला आठवडे लागतात.

पुराचा इशारा

२०१९ आणि २०२१ चा कृष्णेचा पूर सांगलीला विसरता येणार नाही. मोबाइलवर मोठा आवाज करत येणारा आपत्तीचा इशारा ज्या साच्यात तयार होतो, तो साचा आयटीयूने २००७ मध्ये एक्स.१३०३ म्हणून स्वीकारला. आपल्याकडची 'सचेत' यंत्रणा त्यावरच बेतली आहे. सेल ब्रॉडकास्टचा इशारा एसएमएससारखा एकेकाला जात नाही. ठरावीक टॉवरखालच्या सगळ्या फोनवर तो एकाच वेळी येतो, त्यामुळे जाळं तुंबत नाही. डेटा पॅकही लागत नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स' चालू आहे का ते पावसाळ्याआधी पाहून ठेवा, वडीलधाऱ्यांच्या फोनवर तर आवर्जून. अडचण एकच: टॉवर जिवंत हवा. बॅटरीचं कपाट पूररेषेच्या खाली असेल, तर सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच इशारा पोहोचत नाही.

आकाशातून

उपग्रह इंटरनेटमध्ये कक्षा आणि लहरींचे हक्क मुख्यतः आधी अर्ज करणाऱ्याला मिळतात. ज्यांच्याकडे रॉकेट आणि भांडवल, ते पुढे. नुसते अर्ज करून जागा अडवणं थांबावं म्हणून २०१९ च्या परिषदेने टप्पे घालून दिले: पहिला उपग्रह कार्यरत करण्याची मुदत संपल्यापासून दोन वर्षांत १० टक्के उपग्रह, पाच वर्षांत ५० टक्के, सात वर्षांत सगळे. भारताने २०२३ च्या दूरसंचार कायद्यात उपग्रहाच्या लहरी लिलावाविना द्यायची तरतूद केली आणि मे २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने त्यासाठी उत्पन्नाच्या ४ टक्के आकार सुचवला.

पुढची रेडिओ परिषद २०२७ मध्ये शांघायला आहे. उपग्रहावरून थेट साध्या फोनला सिग्नल देण्यासाठी लहरी द्यायच्या का, हा विषय तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर आहे. कोयनेच्या पलीकडच्या वाड्यांसाठी तो महत्त्वाचा आहे. अशा विषयांवर ट्राय चर्चापत्र काढतं आणि कोणीही लेखी मत देऊ शकतं, साधारण चार आठवड्यांत. ग्रामपंचायतीने 'आमच्याकडे रेंज नाही' एवढंच लिहून भागत नाही. वाडीचे अक्षांश-रेखांश, कंपनी, महिना आणि फोनच्या 'सिम स्टेटस'मध्ये दिसणारा सिग्नलचा आकडा द्यावा. उणे ९५ च्या आसपास असेल तर काम नीट चालतं, उणे ११० च्या खाली गेला की कॉल तुटू लागतात. कंपन्यांना आता आपल्या संकेतस्थळावर रेंजचे नकाशे द्यावे लागतात. त्या नकाशात आपली वाडी रंगवलेली असेल आणि फोन उणे १२० दाखवत असेल, तर दोन्हींची छायाचित्रं तारखेसह जोडावीत.